मापाने विणलेली स्लीव्ह आणि तिचे बिल

शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने दिला, केमोथेरपीचा दिला, रेडिएशनचाही दिला. परंतु या उपचारांनंतर हाताला जी कायमची सूज आली, ती आटोक्यात ठेवणाऱ्या कॉम्प्रेशन स्लीव्हचे, म्हणजे हातावर दाब देणाऱ्या घट्ट बाहीचे, बिल मात्र तिने परत पाठवले. त्या एका बिलासाठी मला जो पत्रव्यवहार करावा लागला, तो मी येथे सविस्तर लिहीत आहे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर या भागांत स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या अनेक स्त्रिया सुजलेला हात पदराखाली झाकून कामाला जातात, आणि या स्लीव्हसाठी क्लेम करता येतो का, हे त्यांना सांगणारे कोणी भेटत नाही. मला जे कळले ते त्यांच्यापर्यंत पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा काखेतील लसिकाग्रंथीही काढाव्या लागल्या आणि पुढचे रेडिएशन मी बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये घेतले. हातातील लसिकाद्रव काखेतून परत जातो. तेथील ग्रंथी काढल्या आणि उरलेल्या भागावर रेडिएशन झाले की ती वाट अरुंद होते, द्रव त्वचेखाली साचू लागतो आणि हात जड होतो. यालाच लिम्फेडेमा म्हणतात. तो शस्त्रक्रियेनंतर लगेच दिसतोच असे नाही. माझ्या बाबतीत दीड-दोन वर्षांनी उजव्या हातातील पाटल्या रुतू लागल्या, नंतर ब्लाउजची बाही चढेना आणि हळूहळू दिवसभर लिहिणे अशक्य झाले. हा विकार औषधाने बरा होत नाही. हलक्या हाताने द्रव वळवण्याचा मसाज, अनेक थरांचे बँडेज, व्यायाम आणि त्वचेची काळजी यांनी सूज आधी उतरवायची आणि उतरलेला हात पुढे रोज स्लीव्ह घालून तसाच राखायचा, हाच त्यावरचा मुख्य मार्ग आहे. त्यामुळे स्लीव्ह ही उपचारानंतरची सोय नसून दुसऱ्या टप्प्यातील प्रत्यक्ष उपचार आहे. पुढच्या सर्व पत्रव्यवहारात मला हेच पुन्हा पुन्हा मांडावे लागले.

सुरुवातीला मी दुकानात मिळणारी तयार स्लीव्ह वापरली. ती दंडावरून गुंडाळत खाली यायची, त्या जागी वळ उठायचा आणि तळहाताच्या मागच्या बाजूला नवी सूज यायची. असे का होते ते माझ्या फिजिओथेरपिस्टनी मला समजावले, आणि कापडाच्या धंद्यात वावरत असल्याने ते मला चटकन उमगलेही. तयार स्लीव्ह गोल यंत्रावर नळीसारखी विणलेली असते. तिच्यातील टाक्यांची संख्या वरपासून खालपर्यंत तीच राहते, आणि आकार काय तो टाके सैल-घट्ट करून द्यायचा. मनगट आणि कोपराखालचा भाग यांच्या घेरात फार फरक असेल तर या पद्धतीने योग्य दाब मिळत नाही. फ्लॅट-निट स्लीव्ह मात्र सपाट विणतात, प्रत्येक ओळीत टाके वाढवत किंवा घटवत हाताचा आकार देतात आणि शेवटी शिवण घालतात. तिचे कापड जाड व ताठ असल्याने ते सुरकुतीत रुतत नाही. डॉक्टरांनी मला वर्ग २ ची, म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पारा इतक्या दाबाची स्लीव्ह आणि तिच्यासोबत हातमोजा लिहून दिला होता. रोज धुऊन रोज घालायची असल्याने असे दोन संच सांगितले होते. एका संचाची किंमत १९,००० रुपये होती.

एवढी रक्कम एकदम काढणे जमत नव्हते म्हणून मी चालढकल करत असतानाच त्या हाताला जंतुसंसर्ग झाला. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला आणि सकाळपर्यंत हात खांद्यापर्यंत लाल व गरम झाला. लिम्फेडेमा असलेल्या हातात असा सेल्युलायटिस वारंवार होतो, कारण साचलेल्या द्रवामुळे त्या भागाची जंतूंशी लढण्याची ताकद कमी झालेली असते. शिरेतून अँटिबायोटिक देण्यासाठी मला दाखल करून घेतले आणि तो खर्च कॅशलेस पद्धतीने मंजूर झाला. या भरतीमुळेच स्लीव्हच्या क्लेमला जागा निर्माण झाली, म्हणून त्याबद्दल थोडे नेमके लिहिते.

आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी बाह्यरुग्ण खर्च देत नाहीत, परंतु डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांत झालेला खर्च देतात. माझ्या पॉलिसीत ही मुदत ६० दिवसांची आहे. तिला दोन अटी आहेत: मूळ भरतीचा क्लेम मंजूर झालेला असावा आणि नंतरचा खर्च ज्या विकारासाठी भरती झाली त्याच विकारासाठीचा असावा. फिजिओथेरपिस्टनी हे आधीच सांगून ठेवले होते. वॉर्डात मला भेटायला आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो डिस्चार्ज कार्डाबद्दल. “ताई, कार्डावर नुसतं सेल्युलायटिस लिहिलं तर पुढे अडेल. मूळ कारण लिहून घ्या,” असे त्या म्हणाल्या. मी डॉक्टरांना तशी विनंती केली. त्यांनी निदानाच्या रकान्यात स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा उजव्या हाताचा लिम्फेडेमा, त्यामुळे झालेला सेल्युलायटिस, असे लिहिले. त्याच्यापुढे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील आय ९७.२ हा सांकेतांकही घातला, कारण स्तन काढल्यानंतरच्या लिम्फेडेमासाठी त्या यादीत तो स्वतंत्रपणे दिलेला आहे. डिस्चार्जनंतरच्या सल्ल्यात मापानुसार स्लीव्ह व हातमोजा, दोन संच, अशी ओळ आली. पुढे टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, प्रत्येक क्वेरीत हेच कार्ड मागितले आणि प्रत्येक वेळी या ओळी उपयोगी पडल्या.

संसर्ग असताना हातावर दाब देत नाहीत. तो ओसरल्यावर बँडेज सुरू झाले आणि मुदतीतला बराच काळ यातच गेला. माप घेण्याचा दिवस सकाळचा ठरवला होता. थेरपिस्टनी रात्रभर बांधलेले बँडेज उलगडले तेव्हा आतल्या फोमची जाळी त्वचेवर उमटलेली होती आणि कित्येक महिन्यांनी मला मनगटाचे हाड दिसले. त्यांनी पेनाने मनगट, कोपराखालचा मध्य, कोपर, दंडाचा मध्य आणि काख अशा खुणा केल्या, त्या प्रत्येक ठिकाणी टेप न आवळता घेर घेतला, खुणांमधले अंतर मोजले, हाताच्या पंजासाठी आणि एकेका बोटासाठी वेगळी मापे घेतली आणि सर्व आकडे कंपनीच्या छापील तक्त्यात भरले. सगळे होताच त्यांनी हात पुन्हा बांधला, कारण स्लीव्ह येईपर्यंत बँडेज सोडायचे नव्हते.

विम्याच्या लोकांना ही बाब समजावून सांगणे मला सर्वांत अवघड गेले. मापे टिकत नाहीत. ज्या दिवशी हात सर्वांत कमी सुजलेला असतो त्या दिवशी ती घ्यावी लागतात आणि लगेच ऑर्डर द्यावी लागते. बँडेज ढिले पडून हात पुन्हा फुगला तर त्या मापाची स्लीव्ह चढणार नाही, आणि फुगलेल्या हाताचे माप दिले तर येणारी स्लीव्ह पहिल्याच आठवड्यात सैल पडेल. आधी मंजुरी घ्या आणि मग ऑर्डर द्या, असे टीपीएच्या फोनवर मला सांगितले गेले. त्या मंजुरीला लागणाऱ्या वेळाची किंमत हाताला मोजावी लागते, हे तिथे कोणाच्या लक्षात येत नव्हते. मी थांबले नाही. वितरकाने ऑर्डरबरोबर पूर्ण रक्कम मागितली, कारण एका व्यक्तीच्या मापाने विणलेली वस्तू दुसऱ्या कोणाला विकता येत नाही आणि ती परतही घेतली जात नाही. मी कारखान्यातून उचल घेऊन ३८,००० रुपये बँकेतून पाठवले. स्लीव्ह परदेशात विणून येणार होती. ती हातात पडली तेव्हा ६० दिवसांची मुदत उलटून गेली होती.

बिलाच्या बाबतीत माझे रोजचे काम माझ्या उपयोगी पडले. जीएसटीच्या नियमांनुसार मालासाठी आगाऊ रक्कम घेतली की विक्रेत्याने रिसीट व्हाउचर द्यायचे असते आणि पक्के बिल माल देताना करायचे असते. वितरक साधी पावती देत होता. मी रिसीट व्हाउचरच मागितले आणि त्यावर रुग्णाचे नाव, प्रिस्क्रिप्शनची तारीख, मापे घेतल्याची तारीख आणि ऑर्डर क्रमांक लिहून घेतला. त्याने बनवलेल्या पक्क्या बिलाच्या मसुद्यात वस्तूचे वर्णन नुसते ‘हँड स्लीव्ह, २ नग’ असे होते. त्याऐवजी ‘मापानुसार विणलेली फ्लॅट-निट कॉम्प्रेशन स्लीव्ह, उजवा हात, वर्ग २’ असे पूर्ण वर्णन आणि हातमोज्याची वेगळी ओळ मी लिहायला लावली. बिलावरचा करवर्गीकरणाचा क्रमांक मात्र बदलायला सांगितला नाही. ज्या कापडी आधारांचा परिणाम केवळ त्यांच्या लवचिकतेमुळे होतो, ते वैद्यकीय उपकरणांच्या ९० व्या प्रकरणातून वगळून कापडाच्या विभागात टाकलेले आहेत. तो कराचा नियम आहे, आणि क्लेमच्या सोयीसाठी त्यात फेरफार करणे योग्य नाही.

मूळ बिल, रिसीट व्हाउचर, बँकेचा उतारा, प्रिस्क्रिप्शन, मापांच्या तक्त्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि रद्द केलेला धनादेश जोडून मी क्लेम पाठवला. काही आठवड्यांनी नकाराचा ईमेल आला. त्यात ‘नॉन-मेडिकल आयटम, देय नाही’ एवढेच होते आणि कोणत्या कलमाखाली ते ठरवले याचा उल्लेख नव्हता. इर्डाई या विमा नियामक संस्थेच्या २९ मे २०२४ च्या आरोग्यविम्याविषयीच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतील नेमकी अट दाखवावी लागते, आणि कंपनीच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मान्यतेशिवाय नकार देता येत नाही. या दोन्ही गोष्टी नमूद करून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र लिहिले आणि तेच इर्डाईच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवले. पत्रात मी दोनच गोष्टी मागितल्या: कलम कोणते आणि कमिटीची मान्यता कोणत्या तारखेची.

त्यानंतर मात्र तपशीलवार उत्तर आले. त्यात नकाराची तीन कारणे दिली होती.

पहिले कारण देय नसलेल्या वस्तूंच्या यादीचे होते. ही यादी इर्डाईने प्रमाणित केलेली आहे, तिच्यातील पहिल्या सूचीत ६८ वस्तू आहेत आणि ती पॉलिसीच्या परिशिष्टात छापलेली असते. मी ती ओळीने वाचली. तिच्यात हाताची झोळी आहे, गुडघ्याचे ब्रेस आहेत, कमरेचा पट्टा आहे, पोटाचा पट्टा आहे. मापाने विणलेली कॉम्प्रेशन स्लीव्ह नाही. झोळी फ्रॅक्चर झालेल्या हाताला टेकू देते. स्लीव्हचा दाब मनगटाकडून काखेकडे ठरावीक प्रमाणात कमी होत जातो आणि त्यामुळे द्रव वर सरकतो. एक वस्तू यादीत आहे म्हणून तिच्यासारखी दिसणारी दुसरी आपोआप यादीत येत नाही, एवढेच मी उत्तरात लिहिले आणि यादीची ती दोन पाने जोडली.

दुसरे कारण मला जास्त गंभीर वाटले. भरती सेल्युलायटिससाठी होती आणि स्लीव्ह लिम्फेडेमासाठी आहे, म्हणून विकार वेगळा, असे कंपनीचे म्हणणे होते. येथे डिस्चार्ज कार्डावरील निदानाची ओळ कामी आली, तरी मी डॉक्टरांकडून स्वतंत्र पत्रही घेतले. त्यांनी त्यासोबत २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास जोडला. पायाला जुनाट सूज आणि वारंवार सेल्युलायटिस असलेले ८४ रुग्ण त्यात होते. कॉम्प्रेशन उपचार न मिळालेल्या गटात ४० टक्के रुग्णांना पुन्हा संसर्ग झाला, तर तो मिळालेल्या गटात १५ टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. हा अभ्यास पायाचा आहे, हाताचा नाही, हे डॉक्टरांनी पत्रात स्वतःहून नमूद केले आणि माझ्या हाताच्या बाबतीत सूज व संसर्ग यांचा संबंध त्यांनी काय तपासून ठरवला तेही वेगळे लिहिले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. पुराव्याला त्याच्या मर्यादेत ठेवल्यामुळे त्या पत्राला उलट विचारण्यासारखे काही उरले नाही.

तिसरे कारण तारखेचे. पक्के बिल मुदतीनंतरचे आहे, म्हणून खर्च मुदतीबाहेरचा. यावर मी रिसीट व्हाउचर आणि बँकेचा उतारा पुढे केला. प्रिस्क्रिप्शन मुदतीतले, मापे मुदतीतली, ऑर्डर मुदतीतली आणि संपूर्ण रक्कम मुदतीतच माझ्या खात्यातून गेलेली. पॉलिसीच्या व्याख्येत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रत्यक्ष केलेला आवश्यक खर्च असे म्हटले आहे. वस्तू घरी पोहोचल्याच्या तारखेबद्दल तिथे काहीही नाही. पैसे एकदा दिल्यावर ते परत मिळणार नव्हते, याचे वितरकाचे लेखी पत्रही मी जोडले.

एका महिन्याच्या आत कंपनीचा निर्णय बदलला. एका संचाचे १९,००० रुपये खात्यात जमा झाले. दुसरा संच ‘अतिरिक्त’ ठरवून नाकारला गेला. मला हे पटलेले नाही. स्लीव्ह दिवसभर अंगावर असते, सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, घामाने भिजलेले कापड रोज धुतले नाही तर त्वचेला पुन्हा संसर्ग होण्याचा धोका असतो, आणि जाड फ्लॅट-निट कापड सावलीत वाळायला वेळ लागतो. दुसरी स्लीव्ह नसेल तर तेवढा वेळ हात मोकळा ठेवावा लागतो. अमेरिकेत मेडिकेअरने १ जानेवारी २०२४ पासून लिम्फेडेमाच्या कॉम्प्रेशन कपड्यांचा खर्च द्यायला सुरुवात केली, मापाने बनवलेल्या कपड्यांसह. दिवसा घालायचे तीन संच दर सहा महिन्यांना, प्रत्येक बाधित अवयवासाठी. त्यासाठीचे विधेयक तेथील संसदेत प्रथम २०१० मध्ये मांडले गेले आणि रुग्णांनी एका तपाहून अधिक काळ पाठपुरावा केल्यावर त्याचा कायदा झाला. तो कायदा आपल्याला लागू नाही, तरी एकापेक्षा अधिक संच ही चैन नसून वापराची गरज आहे, हे दाखवण्यापुरता त्याचा उल्लेख मी पुढच्या तक्रारीत केला आहे.

ती तक्रार मी पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे दिली आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकील लागत नाही. किंबहुना सुनावणीत वकिलाला उभे राहता येत नाही, आपले म्हणणे आपणच मांडायचे असते. कागदपत्रे ऑनलाइन देता येतात. मी जोडलेल्या कागदांत या वेळी थेरपिस्टचे एक पत्र जास्त आहे, ज्यात धुणे, वाळणे आणि आलटून पालटून वापरण्याने धाग्याची ताकद टिकणे यांविषयी लिहिले आहे.

उपचारांच्या काळात रांगेत भेटलेल्या अनेकजणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारतात, म्हणून तेही लिहिते. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता, आणि तिच्यातून कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन झालेल्या कितीतरी स्त्रिया मला भेटल्या. परंतु योजना कॅशलेस आहे. बाहेरून स्वतः विकत घेतलेल्या स्लीव्हचे बिल तिथे सादर करता येत नाही. ज्यांच्याकडे केवळ हीच योजना आहे, त्यांच्या हाताच्या सुजेची तरतूद कोठेच होत नाही, आणि ही उणीव आरोग्य विभागाने दूर करावी असे मला तळमळीने वाटते. ज्या आजाराची शस्त्रक्रिया शासन करून देते, तिच्यामुळे उद्भवलेल्या व्याधीचा उपचार त्याच पॅकेजचा भाग असायला हवा.

स्लीव्ह साधारण सहा महिन्यांत सैल होते आणि पुन्हा मापे घ्यावी लागतात. पुढच्या वेळी भरती झालेली नसेल, म्हणजे ६० दिवसांचा हा मार्गही नसेल. भरती होऊ नये म्हणूनच तर स्लीव्ह घालायची आहे. नूतनीकरणाच्या वेळी मी बाह्यरुग्ण खर्चाच्या जोडकव्हरची चौकशी केली आणि त्यात मापाने बनवलेली कॉम्प्रेशन स्लीव्ह धरली जाईल का, प्रतीक्षाकाळ किती आणि वार्षिक मर्यादा किती, हे तीन प्रश्न कंपनीला ईमेलने विचारले. एजंटाने फोनवर होकार दिला, परंतु मी लेखी उत्तराचा आग्रह धरला आहे आणि ते येईपर्यंत वाढीव हप्ता भरलेला नाही. दरम्यान पगारातून दरमहा ३,००० रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकते, म्हणजे मापांचा दिवस आला की मंजुरीसाठी थांबावे लागणार नाही.